बंब कोपऱ्यावर अडला

"मी आज तुझ्या सभेक येतंय," नर्मदा म्हणाली.

प्राजक्ता आरशासमोर पदराला पिन लावत होती. तिचा हात थांबला. "सभेक? कित्याक, आई?"

"बघूक."

"थय बघण्यासारख्या काय नसता. वाचतत, हात वर करतत, चाय पितत."

"तांच माका बघूचा आसा. कोण हात कधी वर करता आनी कित्याक करता, ह्या माका अजून समाजला नाय."

प्राजक्ता हसली, पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण काही गेला नाही. आज सकाळी गल्लीत आगीचा बंब फिरवून बघायचा होता आणि दुपारी त्यावर सभा होती.

तोंडवळकरांच्या घरात राजकारण काही नवं नव्हतं. नर्मदेचा धाकटा दीर, तिच्या वारलेल्या नवऱ्याचा भाऊ, ज्याला गाव भाई म्हणून ओळखत होतं, तो मळेखोलची ग्रामपंचायत होती तेव्हापासून निवडून येत होता. गावाची नगरपंचायत झाली तेव्हा भाईच्या दारावरची पाटी बदलली, एवढंच. पण शेजारचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि नर्मदेची सून प्राजक्ता उभी राहिली, तेव्हा घरात एकाचे दोन नगरसेवक झाले. सगळे धरून चालले होते की सही सून करील आणि खुर्चीत तिचा नवरा विनीत बसेल. विनीतनंही तसंच धरलं होतं. पहिल्याच सभेला प्राजक्ता एकटी गेली, आणि पुन्हा कधी कुणी तो विषय काढला नाही.

नर्मदेला मात्र तेव्हापासून कुतूहल लागून राहिलं होतं. एकाच घरातून दोन माणसं जातात, एकाच अंगणात परत येतात, आणि तिथं म्हणे एकमेकांविरुद्ध बोलतात. जेवताना तर भाई प्राजक्तेच्या हातची सोलकढी मागून घेतो. मग तिथं काय होतं?

आजचा विषय तिला माहीत होता. गावात ज्याला माहीत नाही असा माणूसच नव्हता. शिमग्याच्या सुमाराला गल्लीत मागं राहणाऱ्या तुळसाबाईच्या घराला आग लागली. पडवीत नारळाची वाळलेली सोडणं रचलेली, ती पेटली आणि बघता बघता वासे धरले. लोकांनी विहिरीपासून रांग लावून पाणी ओतलं. विनीतच्या कोपराखाली त्या दिवसाचा भाजल्याचा डाग अजून आहे. तालुक्याहून बंब आला तेव्हा छप्पर खाली बसलं होतं, आणि आला तोसुद्धा बाजाररस्त्यावर उभा राहिला, गल्लीत शिरलाच नाही. तेव्हापासून तुळसा नर्मदेच्या न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत राहत होती. झोपताना उशाशी पाण्याची भरलेली बादली ठेवायची.

त्यानंतर नगरपंचायतीला निधी आला. त्यातून गावाचा स्वतःचा बंब घ्यावा असं प्राजक्तेनं मांडलं. भाईचं म्हणणं, खाडीच्या काठाला दिवे लावावेत, बसायला कट्टे करावेत आणि ‘आय लव्ह मळेखोल’ अशी मोठी अक्षरं उभी करावीत. पर्यटक आले की गावाच्या हाताला काम मिळेल. दोन्हींकडे नगरसेवक सारखेच होते. शेवटी भाईनं तोडगा काढला. "बंब घेवा, माझी ना नाय. पण तो गल्लीत शिरता काय नाय, तां पयला बघा. शेजारच्या पालिकेचो मागून आणा आनी चालवून दाखवा."

सगळ्यांना ते पटलं. प्राजक्तेलाही नाही म्हणता येईना. ती घरी येऊन जेवली नाही. कारण गल्ली कुठं अरुंद होते ते तिला ठाऊक होतं. भाईलाही ठाऊक होतं.

घराच्या कोपऱ्यावर विनीतची खोली होती. मुंबईची नोकरी सुटल्यावर वर्षभर तो नुसता पडून होता. मग त्यानं कोपऱ्यावर जांभ्या दगडाची एक खोली उभी केली, पुढं स्कूटर लावल्या आणि पाटी लिहिली, ‘तोंडवळकर टुरिझम’. खोली रस्त्यावर थोडी पुढं आली होती. नगरपंचायतीनं हरकत घेतली तेव्हा भाईनं मध्ये पडून ती मिटवली. तेव्हापासून विनीत काकाच्या शब्दाबाहेर नव्हता.

"आये," आतून विनीतचा आवाज आला, "तू खंय जातस सभेक? लोक काय म्हणतले?"

"काय म्हणतले?"

"काकाच्या बाजून बसलस काय सुनेच्या, तां इचारतले."

"खुर्चीर बसतलंय," नर्मदा म्हणाली. "बाजू कसली तिका?"

बंब आला तेव्हा गल्लीत माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी दगडी गडग्यावर चढलं होतं, कुणी माडाला टेकून उभं होतं. लाल रंग, वर शिडी, बाजूला गुंडाळलेले पाइप. चालकाचं नाव गंगाराम. तो काचेतून डोकं बाहेर काढून हळूहळू गाडी आत घेत होता आणि सगळी गल्ली त्याला एकाच वेळी सूचना देत होती.

नर्मदा ओसरीच्या कडेला उभी राहिली. तिची जाऊ सीता, भाईची बायको, हळूच येऊन तिच्याजवळ थांबली. सीता कधी नवऱ्याच्या शब्दाच्या पलीकडे गेली नव्हती. घराच्या वाटण्या झाल्या त्या वर्षीसुद्धा ती भाई म्हणेल तेच म्हणायची.

"वयनी, शिरतलो गो हो?" तिनं विचारलं.

"बघूया."

"शिरूक होयो," सीता कुजबुजली. "आमच्या मागल्या पडवेत पण सोडणाच आसत. ह्यांका सांगून कंटाळलंय, इकून टाका म्हणान. तुळसेचा घर पेटलेला तेव्हा माझ्या स्वयंपाकघराची भित हाताक गरम लागलेली."

नर्मदेनं वळून तिच्याकडं पाहिलं. एवढं बोलणं सीतेकडून तिनं क्वचितच ऐकलं होतं. "ह्या तू भाईक सांगलस?"

"भितीचा सांगलंय. बंबाचा नाय."

बंब सरळ आला तोवर काही अडलं नाही. कोपऱ्यावर आल्यावर गंगारामनं चाक वळवलं. पुढचा बंपर विनीतच्या खोलीच्या जोत्याला टेकायला आला. तो मागे गेला, पुन्हा पुढं आला, मागचं चाक गटाराच्या काठावर चढलं. कुणीतरी दगड टाकून चाकाला आधार दिला. पुन्हा प्रयत्न झाला. बंब अर्धा वळून तसाच उभा राहिला.

गंगारामनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला आणि कोपऱ्याकडं बघत म्हणाला, "ही खोली नसती ना, तर सरळ आत गेलो असतंय."

गर्दी विनीतकडं वळली. विनीत आपल्या पाटीखाली हाताची घडी घालून उभा होता. त्यानं कुणाकडंही पाहिलं नाही.

भाई पुढं आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. तो मोठ्यानं बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बघितलात? आता बंब घेवन काय देवळासमोर उभो करून पूजतलात? म्हणान मी आधी बघा म्हटलंय."

"काका," प्राजक्ता म्हणाली, "खोली हलता. घरा हलनत नाय."

"कोणाची खोली?" भाईनं विचारलं. "सांग ना. कोणाची?"

प्राजक्तेनं नवऱ्याकडं पाहिलं. विनीतनं मान फिरवली. तुळसा गर्दीतून पुढं आली होती. तिनं बंबाच्या लाल दाराला हात लावून बघितला, धातू थंड आहे की तापलेला ते बघावं तसा, आणि निघून गेली.

सभागृह बाजारावरच्या मजल्यावर होतं. घोड्याच्या नालासारखी टेबलं, मधे अध्यक्षांची उंच खुर्ची, भिंतीवर पंखे. मागं दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्या नागरिकांसाठी. नर्मदेशिवाय तिथं एका स्थानिक पेपरचा वार्ताहर तेवढा बसला होता, तोही मोबाइलमध्ये डोकं घालून.

लिपिकानं विषयपत्रिका वाचायला घेतली. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. कुणीतरी सूचक झालं, कुणीतरी अनुमोदक. नर्मदेला गंमत वाटली. वाचून संपायच्या आत दोन नावं घेतली जात होती आणि विषय पुढं सरकत होता. गटारांची सफाई, स्मशानातल्या शेडचं छप्पर, बाजारातला तुटलेला नळ. या सगळ्यावर एवढी माणसं एकत्र बसून ठरवतात, हे तिनं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तुटलेल्या नळावर तर बराच वेळ गेला. तो कुणी तोडला यावर दोघे चांगलेच तापले.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कुणीच कुणाशी थेट बोलत नव्हतं. भांडण त्या दोघांचं, पण दोघेही अध्यक्षांकडं बघून बोलत होते. अध्यक्ष म्हणजे दाजी, साधासुधा म्हातारा, आंब्याचा बागायतदार. ते मान हलवत ऐकत होते आणि मधूनच "बरं, पुढं" म्हणत होते. वाटण्यांच्या वर्षी स्वयंपाकघरात असा एक दाजी बसवला असता तर, असं नर्मदेच्या मनात आलं.

मग बंबाचा विषय आला. विनीत तेवढ्यात येऊन दारात उभा राहिला, आणि भाई बोलायला उठला.

"माननीय अध्यक्ष महोदय," तो म्हणाला. नर्मदा चकित झाली. हा भाईचा आवाजच नव्हता. घरातला भाई ‘मगे’ आणि ‘खंय’ बोलायचा, हा सभेतला भाई छापील बोलत होता. "आज सकाळी सर्वांनी पाहिलंय. गाडी वळत नाही. पण समजा उद्या वळली, तरी माझा प्रश्न वेगळा आहे. ही गाडी चालवणार कोण? पाइप धरणारी माणसं कोण? त्यांचा पगार दर महिन्याला कुठून येणार? आपण रुग्णवाहिका घेतली होती. ती कुठं आहे? पिंपळाखाली. टायरात हवा नाही आणि आत कोंबड्या बसतात. निधी खर्च करणं सोपं असतं. ती वस्तू चालती ठेवणं अवघड असतं."

कुणीतरी हसलं. नर्मदा हसली नाही. तिला वाटलं, हा खोटं बोलत नाहीये. रुग्णवाहिकेतल्या कोंबड्या तिनंही पाहिल्या होत्या.

मुख्याधिकारी बाई तरुण होत्या, बदलून आलेल्या. त्या म्हणाल्या, "पदं मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर कंत्राटी पद्धतीनं माणसं नेमता येतील. लहान गाडीचा विचार केला होता, पण मंजूर निधी याच मापाच्या गाडीसाठी आहे."

प्राजक्ता उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी विचारलेले प्रश्न बरोबर आहेत. त्यांची उत्तरं आपल्याला द्यावीच लागतील. पण दिवे लावले तरी ते रोज कोण चालू-बंद करणार, हाही प्रश्न उरतोच. फरक एवढाच की दिवे विझले तर काळोख होतो, आणि बंब नसला तर माणूस मरतं. तुळसाबाई वाचली कारण ती तेव्हा विहिरीवर होती." ती दाजींकडं वळली. "म्हणून मी सूचना मांडते. बंब घ्यावा, आणि कोपऱ्यावर रस्त्यात आलेली खोली काढावी."

सभागृहात एकदम गलका झाला. नर्मदेनं मागं वळून पाहिलं. विनीतचा हात दाराच्या चौकटीवर होता. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की बायको आज काय मांडणार हे त्याला माहीत नव्हतं.

भाई पुन्हा उभा राहिला. यावेळी त्याच्या आवाजात घाई होती. "हरकत आहे, अध्यक्ष महोदय! ज्या विषयात सदस्याचं स्वतःचं हित गुंतलेलं आहे, त्यावर त्या सदस्याला चर्चाही करता येत नाही आणि मतही देता येत नाही. नियम आहे. ती खोली सौ. प्राजक्ता तोंडवळकरांच्या पतीची आहे."

प्राजक्तेनं शांतपणे मान हलवली. "हरकत मान्य आहे. मी बाहेर जाते. पण खोली ज्या घराला लागून आहे, ते घर अजून सामाईक आहे. वाटण्या झाल्या त्या आपसात. कागदावर अजून माझे सासरे आणि सन्माननीय सदस्य, दोन्ही भावांची नावं आहेत. म्हणजे त्या कोपऱ्यात सन्माननीय सदस्यांचंही हित आहे."

सगळ्यांनी मुख्याधिकारी बाईंकडं पाहिलं. त्या नियमांचं पुस्तक चाळत बसल्या नाहीत. "दोघांनाही बाहेर जावं लागेल," त्या म्हणाल्या.

भाईनं हातातलं पेन खिशाला लावलं आणि तो चालू लागला. दाराशी त्याची नि प्राजक्तेची गाठ पडली, तेव्हा त्यानंच बाजूला सरून तिला आधी जाऊ दिलं. नर्मदेच्या खुर्चीजवळून जाताना तो दबल्या आवाजात म्हणाला, "वयनी, तू बस. नीट बघ."

म्हणजे घरातले दोघे नगरसेवक बाहेर आणि घरातली एकच बाई आत, जिला मत नव्हतं. नर्मदा खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

दाजींनी हात वर करायला सांगितलं. बंब घ्यावा आणि खोली काढावी, या बाजूनं हात वर झाले. लिपिकानं मोजले. विरुद्ध बाजूनं झाले, तेही मोजले. त्यानं पुन्हा मोजले. मग दाजींच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं.

"समसमान," दाजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आता ठरवायचं मी."

दाजी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले, आणि मग त्यांची नजर मागच्या खुर्च्यांवर आली.

"तोंडवळकरांच्या घराचा कोपरा काढायला सांगायचं आणि तोंडवळकर कुणी इथं बोलायला नाही, हे मला बरं वाटत नाही," ते म्हणाले. "मॅडम, बसलेल्या नागरिकाला बोलायला परवानगी देता येते का?"

"अध्यक्षांनी दिली तर येते."

"मग मी देतो." दाजी मालवणीत आले. "नर्मदाबाय, कोपरो तुमच्या वाट्याचो ना? तुमचा काय म्हणणा आसा?"

नर्मदा उभी राहिली. सगळे तिच्याकडं वळून बघत होते. तिला पहिल्यांदा काय आठवलं, तर विनीतनं खोली उघडली त्या दिवशी त्यानं स्वतः झाडू घेऊन ती झाडली होती. घरात त्यानं कधी काडी उचलली नव्हती. दुपारी जेवायला येताना केसात धूळ होती आणि तो शीळ घालत होता. वर्षभरानं तिनं त्याची शीळ ऐकली होती.

तिनं दाराकडं पाहिलं. विनीत तिच्याकडंच बघत होता. त्यानं मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. मग त्याची बाही वर सरकलेली तिला दिसली, आणि कोपराखालचा तो डाग. नजर वळवत ती दाजींकडं बघू लागली. सभेत सगळे तसंच करत होते.

"माका एक इचारूचा आसा," ती म्हणाली. "भाईन इचारल्यान तां खरा आसा. बंब घेतलो तर चलवतलो कोण? तेका बघतलो कोण? ह्याचा उत्तर तुम्ही कोणीच दिलास नाय. बंबार पण कोंबडी बसली तर माझो कोपरो फुकट गेलो."

काहीजण हसले. मुख्याधिकारी बाई हसल्या नाहीत, त्या लिहून घेत होत्या.

"मगे काय करूया?" दाजींनी विचारलं.

"बंबाचा कायम बघूक एक समिती करा. आनी जो इतके प्रश्न इचारता, तेकाच तेच्यार बसवा. भाईक बसवा. तो कोणाक गप बसाक देवचो नाय." तिनं पदर सावरला. "तसा लिहून घेतलास तर कोपरो काढूक माझी ना नाय. भाईची सही होयी, ती तुम्ही घेवा. माझी आता घेवा."

ती खाली बसली. दाजींनी तिचं म्हणणं जसंच्या तसं ठरावात घालायला सांगितलं आणि मग आपलं मत दिलं. बंबाच्या बाजूनं.

नर्मदेनं मागं वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं.

बाहेरच्या बाकावर भाई आणि प्राजक्ता शेजारी शेजारी बसले होते. मध्ये चहाचे दोन कप, रिकामे. नर्मदेला बघून दोघेही एकदम उठले, आणि दोघांनी एकच विचारलं.

"काय झाला?"

"बंब येतलो," ती म्हणाली. "हात समान झाले. मगे दाजीन माका इचारल्यान."

"तुका?" भाई म्हणाला. "तुका बोलूचो अधिकार खंय आसा?"

"अध्यक्षान दिल्यान."

प्राजक्तेनं तिचा हात धरला. "आई, तुम्ही काय सांगलास?"

नर्मदेनं सांगितलं. समितीचं सांगितलं तेव्हा प्राजक्तेनं तोंडावर हात ठेवला, हसू दाबायला. भाई हसला नाही. तो परत बाकावर बसला.

"वयनी, ती भित तुझ्या एकटेची नाय," तो शेवटी म्हणाला. "माका इचारूक होया होता."

"तू भायर होतस."

"आनी मी सही केलंय नाय तर?"

"तर नाय केलस. घराकडे जावन सीतेक सांग, बंब कित्याक नको तां. तुमच्या मागल्या पडवेत काय आसा तां तुका म्हायत आसा."

भाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. सीतेचं नाव या गोष्टीत कुठून आलं, हे त्याला समजत नव्हतं, आणि नर्मदेनं ते सांगितलंही नाही. आतून लिपिकाचा आवाज येत होता, भटक्या कुत्र्यांचा विषय सुरू झाला होता. भाईनं विचारलं, "समितीत आणखी कोण कोण आसत?"

त्याच वेळी नर्मदेला कळलं की तो सही करणार. प्राजक्तेलाही कळलं असावं. ती म्हणाली, "काका, चला. कुत्र्यांच्या विषयात आपल्या दोघांचा कायच हित नाय."

तो उठला. जाता जाता त्यानं पेन काढलं.

नर्मदा घरी आली तेव्हा ऊन खाली उतरलं होतं. बंब केव्हाच मागे मागे सरकत बाजाररस्त्याला लागला होता. कोपऱ्यावर विनीत शिडीवर चढून पाटी काढत होता. एक खिळा निघत नव्हता आणि तो त्याच्याशी झगडत होता. नर्मदेनं चप्पल काढली नाही, तशीच जाऊन शिडी धरली.

"धरू नको," तो वरून म्हणाला.

तिनं सोडली नाही.

खिळा निघाला. पाटी एका बाजूनं लोंबकळली. "माका न इचारता दिलस," तो म्हणाला.

"होय."

"कित्याक?"

"इचारला असता तर तू नको म्हणालो असतस. आनी तुझी नको मोडून देवक माका जमला नसता."

दुसरा खिळा सोपा निघाला. विनीत पाटी घेऊन खाली उतरला आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. अक्षरं त्यानं स्वतः रंगवली होती, ‘टुरिझम’मधला उकार जरा तिरका गेला होता.

"भाईकाका आत्ताच फोन करून सांगत होतो," तो म्हणाला. "स्कूटरी तेच्या पुढल्या ओसरीर लाव म्हणता. माका नको. परत तेच्या शब्दात रवूचा नाय."

"मगे खंय लावतलस?"

"बघतंय. बाजारात जागा बघतंय." त्यानं हात झटकले. मग इकडंतिकडं बघत, जणू सहज, त्यानं विचारलं, "आये, दारातसून माका नीट दिसला नाय. हात वर करताना कोण कोण आमच्या बाजून होते? म्हणजे, खोलीच्या बाजून?"

तिनं नावं सांगितली. एका नावावर त्याला आश्चर्य वाटलं, एकावर नाही. ती सांगत होती आणि तो आणखी विचारत होता. दाजींनी नंतर काय लिहायला सांगितलं, बाई काय लिहीत होत्या, गटाराचं काय ठरलं. तिनं तुटलेल्या नळाचं भांडण सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. तुळसा मागच्या दारातून बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तीही ऐकू लागली.

प्राजक्ता आली तेव्हा तिघंही तशीच बसलेली होती. ती गल्लीच्या तोंडाशी थबकली. नवरा काय बोलेल याचा अंदाज घेत हळूहळू पुढं आली. भिंतीला टेकवलेल्या पाटीकडं तिनं पाहिलं, आणि नजर खाली घातली.

"पुढली सभा कधी आसा?" विनीतनं विचारलं.

"पुढल्या महिन्यात. कित्याक?"

"रस्तो किती रुंद करतत तां बघूचा आसा. माझी खोली गेली, तर निदान बंब धड वळाक होयो. मी येतंय."

प्राजक्ता त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं चपला काढून पाय मोकळे केले.

"येवा," ती म्हणाली. "पण दारात उभे रवू नकात. आत येवन बसा. खुर्च्यो रिकाम्योच आसतत."